सेवाकार्य, वृद्ध व अपंगांचे, आणि अनुदान (अहिल्यानगर जिल्हा)

वृद्ध व अपंग प्रौढांच्या सेवेसाठी स्वयंसेवक व स्वयंसेवी संस्था जे कार्य करतात, त्याच्या खर्चासाठी शासन, न्यास वा परदेशी संस्था यांजकडून मिळणाऱ्या अर्थसाहाय्यास येथे अनुदान म्हटले आहे. अहिल्यानगर जिल्ह्यात (२०२४ पर्यंतचे नाव अहमदनगर) अशा साहाय्याची परंपरा जुनी आहे. तिच्या प्रत्येक टप्प्यावर एकच अडचण आढळते. अनुदान इमारत, साधने व लाभार्थींची संख्या यांवर ठरते. सेवेचा गाभा मात्र विनावेतन राबणाऱ्या माणसाच्या वेळेत असतो, आणि त्या वेळेसाठी हिशेबात सहसा रकाना नसतो.

पूर्वपीठिका : अठराव्या शतकात दानधर्माचा खर्च मुख्यतः इनाम जमिनी व खासगी उत्पन्न यांतून भागे. जामखेड तालुक्यातील चौंडी येथे जन्मलेल्या अहिल्याबाई होळकर (१७२५–९५) यांनी खासगीच्या उत्पन्नातून देशभर धर्मशाळा, घाट व अन्नछत्रे उभारली. ही दाने विशेषतः वृद्ध वा अपंगांसाठी नव्हती. तथापि कायम उत्पन्नाची तजवीज करून कार्य दात्याच्या पश्चात चालू ठेवण्याची दृष्टी त्यांत होती. १८३१ मध्ये अमेरिकन मराठी मिशनने अहमदनगर येथे ठाणे घातले. शहरातील इंग्रज रहिवाशांच्या वर्गणीवर चालणाऱ्या, वृद्ध, अंध व पंगू गरिबांच्या आश्रयगृहाशी मिशनचा प्रारंभीच्या वर्षांतच संबंध आला. १८७६–७८ च्या दुष्काळानंतर नेमलेल्या आयोगाच्या १८८० च्या अहवालावरून दुष्काळ-संहिता तयार झाल्या. काम करू न शकणाऱ्या वृद्ध व अपंगांना विनाश्रम साहाय्य देण्याची तरतूद त्यांत होती. हे साहाय्य सरकारी असले, तरी ते दुष्काळापुरतेच होते. दुष्काळ सरला की ते थांबे. वृद्धत्व व अपंगत्व मात्र दुष्काळाबरोबर सरणारे नव्हते.

स्वातंत्र्योत्तर रचना : मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० अन्वये न्यासांची नोंदणी व लेखापरीक्षा बंधनकारक झाली. दुर्गाबाई देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली १९५३ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय समाजकल्याण मंडळाने स्वयंसेवी संस्थांना अनुदान देण्याची पद्धती रूढ केली. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्यावर जिल्ह्यातील समाजकल्याणाची बरीच कामे त्यांच्याकडे गेली. शासकीय अनुदानाचा क्रम सामान्यतः असा असतो : संस्थेने स्वतःचा हिस्सा उभारावा, खर्च करावा, तपासणी व्हावी, विनियोग प्रमाणपत्र सादर करावे आणि त्यानंतर पुढील हप्ता मिळावा. सार्वजनिक पैशाच्या रक्षणासाठी हे आवश्यकच आहे. पण ज्या लहान संस्थेजवळ हप्ता येईपर्यंत तग धरण्याइतकी शिल्लक नाही, ती या क्रमात मागे पडते.

जामखेडचा प्रयोग : जिल्ह्यातील या इतिहासाचा सर्वांत बोधप्रद भाग म्हणजे जामखेड येथील सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प होय. रजनीकांत आरोळे (१९३४–२०११) व मेबल आरोळे (१९३५–९९) या डॉक्टर दांपत्याने पूर्वी नेवासे तालुक्यातील वडाळा मिशन रुग्णालयात काम केले होते. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन त्यांनी १९७० मध्ये हा प्रकल्प सुरू केला. पशुवैद्यकीय दवाखान्याची जुनी जागा गावाने दिली. जिनीव्हा येथील ख्रिस्ती वैद्यकीय आयोगाचे साहाय्यही लाभले. म्हणजे बाहेरील अनुदान व गावाचा वाटा हे आरंभापासून एकत्र आले. गावोगावी निवडलेल्या, बहुतांशी निरक्षर आणि अनेक दलित समाजातील स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून शिकविण्यात आले. त्यांना नियमित वेतन नव्हते. उपजीविकेसाठी लहान व्यवसायांचे शिक्षण व कर्जसाहाय्य मिळे. कुष्ठरुग्णांना वेगळे न ठेवता इतर रुग्णांबरोबरच उपचार दिले जात. त्यांचा शोध घेणे आणि गावात त्यांना पुन्हा स्थान मिळवून देणे हे सेविकांचेच काम झाले. १९६८ च्या सुमारास जयपूर येथे विकसित झालेला कृत्रिम पाय तयार करण्याचे कसब जामखेडमध्ये स्थानिक कारागिरांना शिकविण्यात आले. हा पाय लावून अनवाणी चालता, उकिडवे बसता व ओल्या शेतात काम करता येत असल्याने शेतकऱ्याला तो उपयुक्त ठरला. आरोळे दांपत्यास १९७९ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. परदेशी निधीवर १९७६ च्या कायद्याने नियंत्रण आले. अशा निधीवर सर्वस्वी विसंबलेले कार्य अधिक अडचणीत येते. गावातच रुजलेले कौशल्य मात्र निधी आटल्यावरही शिल्लक राहते.

व्यक्तीस साहाय्य व संस्थेस साहाय्य : १९८० मध्ये महाराष्ट्र शासनाने संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू केली, तर १९९५ मध्ये केंद्राने वृद्धापकाळ निवृत्तिवेतनास आरंभ केला. त्यामुळे निराधारास स्वतःच्या नावावर रक्कम मिळू लागली. तिचे महत्त्व मोठे आहे. परंतु अंथरुणास खिळलेल्या वृद्धाला कूस बदलून देणारा हात त्या रकमेतून मिळत नाही. संस्थांसाठी केंद्राने १९९२ पासून वृद्धांचा एकात्मिक कार्यक्रम राबविला. त्यात वृद्धाश्रम, दिवसकेंद्रे व फिरते दवाखाने यांना मान्य खर्चाच्या ९० टक्क्यांपर्यंत साहाय्य होते. १९९९ पासून अपंगांच्या पुनर्वसनासाठीही केंद्राची योजना आली. राज्यात मात्र अनुदानाचा ओघ प्रामुख्याने अपंग मुलांच्या विशेष शाळांकडे राहिला, आणि शाळा संपलेला प्रौढ अपंग बराचसा कुटुंबावरच सोडला गेला. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ झाले, म्हणजे हक्कदारांचे क्षेत्र वाढले.

ही पोकळी जिल्ह्यात अंशतः लोकवर्गणीने भरून काढली आहे. शिंगवे येथील माउली सेवा प्रतिष्ठान बेघर मनोरुग्ण स्त्रियांचा आयुष्यभर सांभाळ करते. अनामप्रेम ही संस्था अंध, अस्थिव्यंग व मूकबधिर युवकांसाठी कार्य करते. कंपनी अधिनियम, २०१३ मुळे मोठ्या कंपन्यांचा सामाजिक निधीही उपलब्ध झाला. परंतु त्याचा कलही पुष्कळदा दृश्य व अल्पमुदतीच्या कामांकडे असतो.

मूल्यमापन : अनुदानामुळे स्वयंसेवा दुबळी होते असा एक आक्षेप घेतला जातो. जिल्ह्याचा अनुभव त्यास पूर्णपणे दुजोरा देत नाही. स्वयंसेवकाचे प्रशिक्षण, प्रवासखर्च व उपजीविका यांची सोय ज्या अनुदानाने केली, त्याने सेवा वाढली. ज्याने केवळ वास्तू उभारली, ते हप्ता थांबताच निष्फळ ठरण्याचा संभव राहिला. वृद्धांची संख्या वाढत असता आणि तरुण मंडळी कामासाठी पुणे-मुंबईकडे जात असता, घरी जाऊन केलेल्या सेवेस अनुदानाच्या नियमांत स्थान देणे हाच या क्षेत्रातील मुख्य प्रश्न आहे.