एकादशी, ब्लॅकलिस्ट आणि साबुदाण्याची खिचडी

मंडळी, 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण ज्याने कुणी काढली त्याला माझा साष्टांग नमस्कार. उपासाच्या पदार्थांइतकं चविष्ट दुसरं काही नाही, हे माझं प्रामाणिक मत. पण या पदार्थांचा इतिहास बघायला गेलं की भलतीच मजा येते.

खिचडीची डिपेंडन्सी लिस्ट काढू. साबुदाणा, बटाटा, शेंगदाणे, हिरवी मिरची, जिरं, तूप. यातलं जिरं आणि तूप आपल्याकडे जुनं. बाकी सगळी मंडळी परदेशी! बटाटा अँडीज पर्वतातला, पेरू-बोलिव्हियाकडचा. मिरची मेक्सिकोच्या बाजूची. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला. साबुदाणा तर डबल परदेशी. नावातला 'साबू' म्हणजे मलय भाषेतला 'सागू', तिकडच्या ताडासारख्या झाडाच्या खोडातला गर. आणि आपण खातो तो साबुदाणा त्या झाडाचा नाहीच, तो टॅपिओकाच्या कंदाचा. हा कंदही दक्षिण अमेरिकेतला. तो केरळात रुजवण्यात त्रावणकोरचे महाराज विशाखम तिरुनाळ (कारकीर्द १८८० ते १८८५) यांचा मोठा वाटा. पुढे दुसऱ्या महायुद्धात आग्नेय आशियातून येणारा माल थांबला आणि १९४० च्या दशकात तमिळनाडूतल्या सेलमला टॅपिओकापासून साबुदाणा करण्याचा धंदा उभा राहिला.

आता तारखा लावून बघा. ज्ञानेश्वरी १२९० ची. कोलंबस अमेरिकेला पोचला १४९२ मध्ये, वास्को द गामा कालिकतला आला १४९८ मध्ये. म्हणजे माउलींच्या काळात पंढरपुरात एकादशी होती, वारी होती, पण साबुदाण्याची खिचडी नव्हती. असणं शक्यच नव्हतं!

मग ही सगळी पाहुणेमंडळी थेट उपासाच्या ताटात घुसली कशी? मला वाटतं, उत्तर नियमाच्या रचनेत आहे. उपासाला 'अन्न' चालत नाही, अन्न म्हणजे धान्य. तांदूळ, गहू, ज्वारी, डाळी बंद. कंदमुळं, फळं चालू. आमच्या भाषेत सांगायचं तर ही ब्लॅकलिस्ट आहे. जे यादीत नाही ते आत. बटाटा आला, कंद आहे ना? या, बसा. :)

याच्या उलट पुरीच्या जगन्नाथाचा महाप्रसाद. तिथे बटाटा, टोमॅटो, मिरची आजही चालत नाही. दक्षिणेत अनेक घरांत श्राद्धाच्या स्वयंपाकातही हेच, तिखटपणा मिऱ्याचा. ही व्हाइटलिस्ट. धर्म तोच, पण एकीकडे दार उघडं आणि दुसरीकडे बंद.

सगळ्यात भारी गोष्ट राजगिऱ्याची. हाही मूळचा मेक्सिकोकडचा. तिथले अ‍ॅझटेक लोक राजगिऱ्याच्या पिठात गोड पाक कालवून त्यांच्या हुइत्झिलोपोच्त्ली या देवाची मूर्ती करत आणि सणाच्या शेवटी ती तोडून प्रसाद म्हणून खात. १५२१ मध्ये स्पॅनिशांनी त्यांची राजधानी जिंकली. पाद्र्यांना या प्रसादात स्वतःच्या प्रसादाची सैतानी नक्कल दिसली आणि ही पूजा त्यांनी मोडून काढली. आज मेक्सिकोत राजगिऱ्याच्या लाह्यांची 'अलेग्रिया' नावाची वडी मिळते. फोटो बघा, आपली राजगिऱ्याची वडीच! एकाच दाण्याला एका धर्माने पाखंड ठरवलं, दुसऱ्याने पवित्र. दाण्याला काही पत्ता नाही.

आता कुणी म्हणेल, 'बघा, सगळं थोतांड!' मला तसं वाटत नाही. दिवसभर जिभेला लगाम घालून देवाचं नाव घ्यावं, ही श्रद्धा. तिला बटाट्याच्या जन्मदाखल्याने काही फरक पडत नाही. फरक पडतो तो 'हे हजारो वर्षांपासून असंच आहे' या वाक्याला. कारण ती श्रद्धा नाही, तो इतिहासाबद्दलचा दावा आहे. आणि दावा तपासता येतो.

हे मी नुसतं वादासाठी म्हणत नाहीये. आमच्या बाबांना मधुमेह आहे आणि ते एकही एकादशी सोडत नाहीत. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. दुसऱ्या दिवशीचा शुगरचा आकडा बघून आई कपाळाला हात लावते. 'उपास सोडा' म्हटलं की बाबा ऐकत नाहीत, आणि त्यांनी का ऐकावं? पन्नास वर्षांचं व्रत आहे. पण 'बाबा, तुमच्या पणजोबांच्या पणजोबांच्या ताटात साबुदाणा नव्हता, तरी त्यांची एकादशी विठोबाला पोचलीच ना?' असं म्हटल्यावर ते गप्प झाले. गेल्या दोन एकादश्या काकडीची कोशिंबीर, ताक आणि मूठभर दाण्यांवर निघाल्या, डॉक्टरांना विचारूनच. उपास मोडला नाही, मेनू बदलला.

मला यातून एवढंच दिसतं की ज्ञान दरवेळी श्रद्धेशी भांडायलाच येतं असं नाही. कधीकधी ते नुसतं सांगतं की परंपरेने याआधीही बदल पचवलेत, अगदी चवीने, वर दाण्याचं कूट घालून. आणखी एक पचवायला काय हरकत आहे?