विमानाची ओळख

चिंचवड, आकुर्डी किंवा निगडी येथील एखाद्या घरांत रविवारच्या दुपारीं जेवणाचें टेबल पुसून त्यावर जुनें वर्तमानपत्र पसरतात आणि पुठ्ठ्याच्या खोक्यांतून करड्या प्लास्टिकच्या दोन-तीन चौकटी बाहेर काढतात. चौकटीच्या काड्यांना विमानाचे अवयव लगडलेले असतात. पोटाचा डावा भाग, पोटाचा उजवा भाग, पंखांची वरची व खालची बाजू, चाकें, पंखा, वैमानिकाचें आसन. हे सर्व अवयव कापून, घासून, चिकटवून व रंगवून त्यांतून दुसऱ्या महायुद्धांतलें स्पिटफायर विमान उभें करावयाचें असतें. मूळ विमानाच्या पंखांचा विस्तार ११.२३ मीटर होता; टेबलावरच्या विमानाचा भरतो १५.६ सेंटिमीटर. पाहणाऱ्यास हा पोरखेळ वाटतो. परंतु या खेळाचें मूळ शोधूं लागल्यास तें एका गंभीर प्रश्नापर्यंत जाऊन पोंचतें. आकाशांत दिसणारें विमान आपलें कीं शत्रूचें, हा तो प्रश्न होय.

दुसरें महायुद्ध पुकारलें गेलें त्याला अवघे तीन दिवस झाले होते. ६ सप्टेंबर १९३९ रोजीं सकाळीं इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर शत्रूचीं विमानें येत असल्याची चुकीची सूचना मिळाली. तिच्या शोधार्थ हरिकेन जातीचीं विमानें उडालीं आणि पाठोपाठ स्पिटफायरही उडालीं. स्पिटफायरच्या वैमानिकांनीं समोरच्या हरिकेन विमानांनाच जर्मन समजून त्यांवर गोळ्या झाडल्या. दोन हरिकेन पडलीं व एक तरुण वैमानिक प्राणास मुकला. ‘बार्किंग क्रीकची लढाई’ या उपरोधिक नांवानें हा प्रसंग ओळखला जातो. पुढें ज्या स्पिटफायरनें अपार कीर्ति मिळविली, त्याच्या गोळ्यांचे पहिले बळी असे स्वपक्षाचेच होते. डोळा तयार नसेल तर उत्तम शस्त्रही घातक ठरतें, हा धडा त्या दिवशीं मिळाला.

डोळा तयार करण्याचें साधन म्हणून लहान विमानांस महत्त्व आलें. हीं विमानें युद्धापूर्वींच निघालीं होतीं. १९३२ सालीं इंग्लंडांत ‘स्कायबर्ड्स’ या नांवानें लांकूड व धातू यांचे जोडसंच विकावयास आले. त्यांचें प्रमाण १ : ७२ असें होतें. ७२ हा आंकडा विचित्र वाटतो, पण इंग्रजी मापांत त्याचा उलगडा सहज होतो. सहा फूट म्हणजे ७२ इंच. तेव्हां सहा फूट उंचीचा माणूस या प्रमाणांत बरोबर एक इंचाचा होतो. त्यानंतर १९३६ सालीं ‘फ्रॉग पेंग्विन’ या मालिकेचे संच सेल्युलोज ॲसिटेट नांवाच्या प्लास्टिकमध्यें निघाले. प्लास्टिकच्या जोडविमानांचा आरंभ तेथून धरतात. योगायोग असा कीं, स्पिटफायरच्या पहिल्या नमुन्यानें आकाशांत झेप घेतली तीही त्याच वर्षीं, ५ मार्च १९३६ रोजीं.

युद्धांत हेंच प्रमाण शिकवणीस उपयोगी पडलें. १ : ७२ प्रमाणाचें विमान डोळ्यांपासून दहा मीटरांवर धरलें, तर तें ७२० मीटर अंतरावरच्या खऱ्या विमानाएवढें दिसतें. त्यामुळें एका खोलींत बसून आकाशाचा अभ्यास करतां येऊं लागला. अमेरिका युद्धांत उतरल्यावर १९४२ च्या आरंभीं तेथील नौदलानें शाळांतल्या विद्यार्थ्यांस असे पांच लक्ष नमुने करून देण्याचें आवाहन केलें. मुलांनीं तीं विमानें लांकडांतून कोरलीं व काळ्या रंगानें रंगविलीं; कारण दूरच्या विमानाची केवळ काळी आकृतीच डोळ्यांस दिसते. त्या वर्गांतल्या मुलांना आपण खेळणें करीत आहों असें वाटलें असेल कीं युद्धकार्य, हें सांगणें कठीण. त्या कोवळ्या हातांच्या अचूकपणावर कोणाचा तरी जीव अवलंबून होता, हें मात्र खरें.

युद्ध संपलें आणि लांकूड मागें पडलें. पॉलिस्टायरीन हें स्वस्त, टणक व सहज वितळणारें प्लास्टिक आणि तें साच्यांत दाबून भरणारीं यंत्रें यांचा प्रसार झाला. निकोलस कोव्ह नांवाच्या हंगेरियन गृहस्थानें १९३९ सालीं इंग्लंडांत ‘एअरफिक्स’ ही कंपनी काढली होती. ती प्रथम रबरी खेळणीं व पुढें प्लास्टिकचे कंगवे करीत असे. १९४९ सालीं तिनें फर्ग्युसन ट्रॅक्टरचा लहान नमुना केला, १९५२ त एका जुन्या जहाजाचा संच काढला आणि पुढें लवकरच स्पिटफायर बाजारांत आणलें. ज्या पिढीनें हीं विमानें डोक्यावरून जातांना पाहिलीं होतीं, तिचीं मुलें आतां तीं टेबलावर जोडूं लागलीं.

या संचांचें रहस्य त्यांच्या साच्यांत आहे आणि पिंपरी-चिंचवड व चाकणच्या रहिवाशांस हें निराळें समजावून सांगण्याची गरज नाहीं. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ सालीं स्थापन झाल्यानंतर या पट्ट्यांत कारखान्यांची रांग लागली. सुमंत मुळगांवकर यांच्या नेतृत्वाखालीं टेल्कोनें १९६६ सालीं येथें यंत्रसाधनांचा विभाग काढला आणि मोटारी करण्यापूर्वीं हत्यारें, साचे व कुशल कारागीर तयार करण्यावर भर दिला. आज चाकणकडे निघणाऱ्या मोटारींचे प्लास्टिकचे भाग ज्या रीतीनें होतात, त्याच रीतीनें हें चिमुकलें विमान होतें. प्लास्टिकचा दाणा तापवून पातळ करतात, पोलादी साच्याच्या दोन अर्धांमध्यें तो प्रचंड दाबानें भरतात आणि थिजल्यावर साचा उघडून माल बाहेर ढकलतात.

म्हणून साच्यांवर काम केलेल्या माणसास संच पाहतांच पुष्कळ गोष्टी वाचतां येतात. विमानाचें पोट दोन उभ्या भागांत कां विभागलें? एकसंध जाड तुकडा थिजतांना आकसतो व त्याच्या पृष्ठावर खळी पडते. शिवाय साचा सरळ उघडला पाहिजे. आंतल्या बाजूस बारीक गोल वण कां? माल बाहेर ढकलणाऱ्या पिना तेथें टेकतात. कडेला पापुद्रा कां आला? साचा झिजला असून त्याचे दोन अर्ध नीट मिळत नाहींत. कंपनीनें खोक्यावर छापलेल्या रंगीत चित्रास हा मनुष्य भुलत नाहीं. तो प्रथम शिवण पाहतो.

जोडणीचा क्रमही ठरलेला आहे. प्रथम वैमानिकाची बैठक जोडून रंगवावी लागते, कारण पोट मिटल्यावर तेथें ब्रश पोंचत नाहीं. पॉलिस्टायरीनचा द्रव हा खऱ्या अर्थानें गोंद नव्हे; तो दोन्ही कडा किंचित् विरघळवितो व त्या एकमेकींत मिसळून थिजतात. थेंब अधिक झाला तर पृष्ठ बिघडतें. मग सांधा भरणें, घासणें, पुनः पाहणें. येथें प्रमाणाचें गणित क्षमा करीत नाहीं. पंखाची मागची कड अर्धा मिलिमीटर जाड राहिली, तर खऱ्या विमानावर ती ३.६ सेंटिमीटर जाडीची फळी झाली असती. दिवाळींत अंगणांत मातीचा किल्ला करतांना मावळा दरवाजाहून उंच असला तरी कोणी हरकत घेत नाहीं. शिवाजीमहाराज तर बालेकिल्ल्याएवढेच असतात, आणि तेथें तेंच शोभतें. किल्ल्यांत भक्ति असते. या विमानांत साक्ष असते. साक्षीस मापाचें बंधन पाळावेंच लागतें.

ही साक्ष देण्याची खरी वेळ येते ती रंग देतांना. बहुतेक संचांत ब्रिटिश तुकड्यांचीं चिन्हें असतात आणि इंग्लंडच्या आकाशांतलें १९४० चें विमान करणें सर्वांत सोपें असतें. परंतु हिंदुस्थानच्या आकाशांतही स्पिटफायर लढलें. ८ ऑक्टोबर १९३२ रोजीं स्थापन झालेल्या भारतीय वायुदलाची ८ क्रमांकाची तुकडी स्पिटफायर घेणारी पहिली भारतीय तुकडी ठरली. १९४४ च्या उत्तरार्धांत तिला ‘मार्क ८’ जातीचीं विमानें मिळालीं व तीं ब्रह्मदेशाच्या आघाडीवर वापरलीं गेलीं. हें विमान करणाऱ्यास संचांतलीं नेहमींचीं चिन्हें बाजूस ठेवावीं लागतात. शेपटीचें चाक आंत ओढलें जाणारें असावें लागतें आणि पंखांवरच्या वर्तुळांत लाल रंग असतां कामा नये.

लाल रंग कां नको? ब्रिटिश विमानांवरील वर्तुळाच्या मध्यभागीं लाल ठिपका असे. जपानी विमानांवर तर लाल सूर्यच असे. घाईगर्दींत तो लाल ठिपका पाहून आपल्याच विमानावर तोफ डागली जाण्याचें भय होतें. म्हणून पूर्वेकडील आघाडीवर १९४२-४३ पासून लाल रंग काढून टाकला गेला व केवळ निळ्याच्या दोन छटा राहिल्या. बार्किंग क्रीकचा धडा ब्रह्मदेशच्या सीमेवर असा रंगाच्या डब्यांत उतरला. टेबलावरच्या विमानाला कोणी चुकून लाल ठिपका लावला, तर दिसावयास तें कदाचित् अधिक शोभिवंत दिसेल. पण मग तें या देशाच्या तरुणांनीं चालविलेलें विमान राहणार नाहीं.

त्या तरुणांची स्थितिही त्या वर्तुळासारखीच मिश्र होती. ते परक्या राजाच्या नांवानें लढत होते आणि १९४५ सालीं त्यांच्या दलास ‘रॉयल’ ही पदवी मिळाली. पण विद्या त्यांची स्वतःची झाली होती. १९४७ च्या ऑक्टोबरांत काश्मीरवर टोळीवाल्यांचें आक्रमण आलें, तेव्हां याच वैमानिकांनीं स्पिटफायर व टेंपेस्ट विमानें घेऊन श्रीनगरच्या रक्षणास हातभार लावला. त्या काश्मीर युद्धांत विमानांच्या मोहिमांचें नेतृत्व करणाऱ्यांत हृषीकेश मुळगांवकर हे होते. त्यांस महावीरचक्र मिळालें आणि १९७६ ते १९७८ पर्यंत ते वायुदलाचे प्रमुख होते. एका मुळगांवकरांचें नांव असें आकाशाशीं जोडलेलें आहे आणि दुसऱ्या मुळगांवकरांचें पिंपरीच्या यंत्रशाळेशीं.

स्वातंत्र्यानंतर विमानांवर अशोकचक्र आलें आणि १९५० सालीं प्रजासत्ताक झाल्यावर बाहेर केशरी, मध्यें पांढरें व आंत हिरवें असें आजचें वर्तुळ ठरलें. तेव्हां एकाच जातीच्या विमानावर थोड्या वर्षांत तीन निशाणें येऊन गेलीं. जो कारागीर एक विमान करावयास बसतो, त्याला अगोदर साल ठरवावें लागतें. ‘साधारण त्या काळचें’ असें विमान करतां येत नाहीं. इतिहासाच्या पुस्तकांत एखादें मोघम वाक्य खपून जातें; ब्रश हातीं घेतल्यावर तें खपत नाहीं.

वीस हजारांहून अधिक स्पिटफायर बनलीं. युद्धानंतर त्यांतलीं बहुतेक मोडींत गेलीं व त्यांचें ॲल्युमिनियम वितळविलें गेलें. भारतांतलीं उरलेलीं थोडीं दिल्लीस पालमच्या वायुदल संग्रहालयांत व अन्यत्र जपून ठेवलीं आहेत. तेथें प्रत्येकास जातां येतेंच असें नाहीं. परंतु चिंचवडच्या एखाद्या कपाटांत सुमारें सहा इंचांचें, लाल ठिपका नसलेलें विमान उभें असलें आणि घरांतल्या मुलानें ‘याच्यावर लाल कां नाहीं?’ असें विचारलें, तर सांगणाऱ्यास १९३९ पासून १९४७ पर्यंतची सगळी कथा सांगावी लागते. आपलें कोण व परकें कोण हें ओळखण्यासाठीं लहान विमानें युद्धांत घडविलीं गेलीं. युद्ध जाऊन इतकीं वर्षें लोटलीं, तरी त्यांचें तें काम अद्याप संपलेलें नाहीं.