नदीच्या पाण्याची साक्ष



पाण्याची पारख आपल्या पूर्वजांना येत नव्हती असें नाहीं. पाणी गाळून घ्यावें, रंग व वास पाहावा, उन्हाळ्यांत नदी आटली म्हणजे वाळूंत झिरा खणून पाझरलेलें पाणी वाटीनें भरावें, हा आपल्या धाराशिव जिल्ह्यांतील आयाबायांचा नित्याचा पाठ होता. तेरणा काय किंवा बोरी काय, पावसाळ्यांत फुगणाऱ्या आणि वैशाखांत डोहापुरत्या उरणाऱ्या या नद्या. तेथें पारख केल्यावांचून गत्यंतरच नव्हतें. परंतु डोळा, नाक व जीभ या तीन पंचांपुढून एक आरोपी नेहमीं निर्दोष सुटत असे. तो अखेर कसा सांपडला, त्याचा वृत्तान्त आज सांगावयाचा आहे.

१८५३ सालीं निजामानें नळदुर्गचा मुलूख इंग्रजांच्या हवालीं केला आणि १८६० सालीं तो त्यास परत मिळाला. या अवधींत कांहीं वर्षें मेडोज टेलर हा अधिकारी नळदुर्गास राहून जिल्ह्याचा कारभार पाहत होता. बोरीच्या पात्रांतील बंधारा व त्यांतील पाणीमहाल ही आदिलशाही कारागिरी त्याच्या नित्य नजरेसमोर होती. पाणी अडवावें कसें, हें त्या कारागिरांस उत्तम साधलें होतें. पाण्यांत काय आहे, हें मात्र त्या काळीं जगांत कोणासच नीट ठाऊक नव्हतें. पटकीची सांथ आली म्हणजे मरीआईचा गाडा शिवेपलीकडे लोटला जाई; पटकी मात्र पाण्याबरोबरच पुढच्या गांवीं जाऊन पोंचे.

टेलर नळदुर्गास असतांनाच, १८५४ सालीं, लंडनमध्यें डॉक्टर जॉन स्नो यांनीं पटकीनें मेलेल्यांचीं घरें नकाशावर मांडलीं आणि बोट एका सार्वजनिक पंपाकडे दाखविलें. पंपाची मूठ काढून टाकण्यांत आली. त्याच वर्षीं इटलींत पाचिनी यांना सूक्ष्मदर्शकांतून पटकीचा जंतु दिसला. पण तिकडे फारसें कोणीं लक्ष दिलें नाहीं. पुढें रॉबर्ट कॉख कलकत्त्यास आले आणि १८८४ सालीं त्यांना रोग्यांप्रमाणेंच तेथील एका तळ्याच्या पाण्यांतहि तो वांकडा जंतु आढळला.

तरीहि शंका उरलीच. ती १८९२ सालीं पुष्कळ अंशीं फिटली. हँबुर्ग शहर एल्ब नदीचें पाणी न गाळतां पीत होतें. तेथें पटकीनें आठ हजारांहून अधिक माणसें दगावलीं. लगतचें आल्टोना शहर त्याच नदीच्या खालच्या अंगास; परंतु तेथें पाणी वाळूच्या थरांतून गाळून देत असत, म्हणून तें बव्हंशीं बचावलें. आपल्या झिऱ्याचेंच तें मोठें रूप नव्हे काय? मात्र ज्या वाळवंटांत सकाळीं माणसें शौचास बसतात, तेथला झिरा शुद्ध कसा राहील? म्हणून नुसत्या रीतीवर विसंबून भागत नाहीं, परीक्षा लागते.

आतां ही परीक्षा करावी कशी? प्रत्येक रोगाचा जंतु शोधीत बसणें दुष्कर. त्यावर युक्ति निघाली. १८८५ सालीं एशरिख यांनीं माणसाच्या आंतड्यांत नित्य राहणाऱ्या एका जंतूचें वर्णन केलें होतें. तो पाण्यांत दिसला कीं विष्ठेला पाण्याची वाट सांपडली, असें समजावें. चोर दिसला नाहीं तरी त्याचीं पावलें दिसलीं! पिण्याच्या १०० मिलिलिटर पाण्यांत हा जंतु मुळींच आढळूं नये, असा भारतीय मानकाचा दंडक आहे.

पूर्वीं ही परीक्षा प्रयोगशाळेंतच होई. १९८२ सालीं ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेंतील मांजा व त्यांच्या सहकाऱ्यांनीं एक सोपी बाटली प्रसिद्ध केली. तींतील कागदाच्या पट्टीवर जंतूंचें खाद्य असतें. पाणी भरून बाटली उबेंत ठेवावी. दूषित पाणी बहुधा एकदोन दिवसांत काळें पडतें. २०१९ सालीं सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्यें तर गांवोगांवच्या पांच स्त्रियांना पाणी तपासण्याचें शिक्षण देण्याची योजना आहे.

मग आपल्या विद्यार्थ्यांनीं तें कां शिकूं नये? त्यांना नदीकांठीं न्यावें. बाटलीचें तोंड प्रवाहाच्या उलट दिशेस करून, आंतून हात न लागूं देतां, पाणी कसें घ्यावें तें दाखवावें. एक बाटली गांवाच्या वरच्या अंगास, एक घाटावर, एक खालच्या अंगास आणि एक झिऱ्यांतून भरावी. प्रत्येकीवर जागा, तारीख व वेळ लिहावी, त्या सावलींत ठेवाव्या व शक्य तों सहा तासांच्या आंत परीक्षा सुरू करावी. काळी पडलेली बाटली ब्लीचिंग पावडर घालून मगच ओतावी.

येथें एक सावधगिरी हवी. बाटली काळी पडली नाहीं म्हणून पाणी सर्वथा निर्दोष ठरत नाहीं. क्षार, फ्लोराइड यांचा निवाडा निराळा. आणि ती काळी पडली तर मुलांनीं गांवाला भिववूं नये. मळ कोठें मिसळतो तें शोधून ग्रामपंचायतीपुढें ठेवावें, आणि तोंवर पाणी उकळून प्यावें असें घरोघर सांगावें.

ज्या बोरीच्या कांठीं पाणी अडविण्याची विद्या चारशें वर्षांपूर्वीं फळास आली, तेथेंच पाणी ओळखण्याची विद्या आपल्या मुलांच्या हातीं यावी. गाडा शिवेबाहेर लोटून भागत नाहीं, हें त्यांना एका बाटलीनें पटेल.