मराठी आत्मविकासपर साहित्य

वाचकाने स्वतःच्या सवयी, वृत्ती व व्यवहार यांत स्वप्रयत्नाने सुधारणा घडवून आणावी, या हेतूने लिहिलेल्या साहित्यास आत्मविकासपर साहित्य असे म्हणतात. ग्रंथविक्रेते व ग्रंथालये यांच्या व्यवहारात त्यास ‘प्रेरणादायी पुस्तके’ किंवा ‘व्यक्तिमत्त्व विकास’ अशीही नावे आहेत. आज मराठीत या प्रकारातील अनेक लोकप्रिय पुस्तके इंग्रजीतून अनुवादित झालेली असली, तरी आचरणाचा व्यावहारिक उपदेश करणाऱ्या लेखनाची परंपरा मराठीत जुनी आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील (पूर्वीचा अहमदनगर जिल्हा) संगमनेर येथील शाहीर अनंत फंदी यांचा उपदेशपर फटका हा या परंपरेतील सर्वाधिक परिचित नमुना होय.

पूर्वपरंपरा

समर्थ रामदासांचा दासबोध हा अध्यात्मग्रंथ आहे. तथापि त्याचा मोठा भाग दैनंदिन वर्तनाविषयी आहे. वीस दशकांच्या या ग्रंथातील दुसऱ्या दशकात मूर्खाची व उत्तम पुरुषाची लक्षणे सांगितली आहेत, तर एकोणिसाव्या दशकाच्या आरंभी अक्षर कसे काढावे, ओळी व समास कसे राखावेत, याचे एखाद्या कारागिराच्या बारकाव्याने मार्गदर्शन केले आहे. अकराव्या दशकातील एका समासात दिनचर्या येते. पहाटे उठून काही पाठांतर करावे, शौचास दूर जावे आणि परतताना रिकाम्या हाताने न येता उपयोगाची काही वस्तू घेऊन यावे, असे तेथे सुचविले आहे. रोजच्या अटळ कामाला नवे काम जोडून देण्याची ही युक्ती अलीकडच्या सवयींविषयीच्या पुस्तकांत नवी म्हणून सांगितली जाते.

दुसऱ्या दशकाच्या अखेरीस ‘पढतमूर्ख’ या व्यक्तीचे वर्णन आहे. तो बहुश्रुत असतो, इतरांना ज्ञान सांगतो, पण स्वतः तसे वागत नाही. उपदेशपर ग्रंथांच्या वाचकास संभवणारा मुख्य दोष उपदेशपर ग्रंथातच नोंदलेला आहे, हे लक्षणीय आहे.

अनंत फंदी व फटका

अनंत भवानीबावा घोलप ऊर्फ अनंत फंदी (१७४४–१८१९) यांचा जन्म प्रवरा नदीच्या काठी वसलेल्या संगमनेर येथे झाला. ‘फंदी’ हे नाव त्यांना मलिक फंदी या फकिराच्या स्नेहामुळे मिळाले, असे सांगितले जाते. ते तमाशाचा फड चालवीत व लावण्या रचीत. अहिल्याबाई होळकर यांनी समजाविल्यानंतर त्यांनी तमाशा सोडून कीर्तनाचा मार्ग धरला, अशी आख्यायिका आहे. ती खरी मानल्यास, इतरांना वर्तनाचा उपदेश करणाऱ्या या कवीने मध्यम वयात स्वतःचा व्यवसाय व राहणी बदलली होती.

फटका हा काव्यप्रकार रूढ करण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. त्यांच्या प्रसिद्ध फटक्यातील उपदेश मोक्षाचा नसून संसारी माणसाच्या नित्य व्यवहाराचा आहे. खोटे बोलू नये, रिकामे बसू नये, कोणाचे वर्म काढून त्याला लाजवू नये, वरिष्ठाच्या पाठबळावर गरिबांवर गुरगुरू नये, स्वकष्टाच्या साध्या जेवणावर समाधान मानावे, अशी त्याची दिशा आहे. मित्रासाठी पदरचे खर्च करण्यास कवीची हरकत नाही. जामीन राहण्यास मात्र आहे. सहकारी साखर कारखाना, दूध संघ व पतसंस्था यांच्या आधारे उभ्या राहिलेल्या आजच्या संगमनेर तालुक्यात हा सल्ला कालबाह्य झाला आहे असे म्हणता येणार नाही.

रचनेच्या दृष्टीने हा फटका निषेधांनी विणलेला आहे: काय करावे यापेक्षा काय करू नये, यावर भर. आधुनिक प्रेरणादायी पुस्तके वाचकाला मळलेली वाट सोडण्याचे आवाहन करतात. फंदी नेमका उलट सल्ला देतात. पेशवाईच्या उत्तरार्धातील अस्थिर काळात सामान्य कुटुंबाला सुरक्षितता हीच मोठी मिळकत वाटत असावी, हे ध्यानात घेतले म्हणजे हा फरक उलगडतो. सत्तेपुढे मान लववण्याचा दोष मात्र या रचनेला लावता येत नाही. सत्ता अल्पकाळाची असते, हे ती बजावते.

गेय चाल व अंत्ययमक यांमुळे फटका तोंडपाठ होतो. तो पुस्तक म्हणून एकदा वाचून संपविण्यासाठी नव्हता. ऐकण्यासाठी व पुन्हापुन्हा म्हणण्यासाठी होता. शालेय पाठ्यपुस्तकांतून तो पुढील पिढ्यांपर्यंत पोहोचला.

मुद्रित ग्रंथ व अनुवाद

मराठी मुद्रणाच्या आरंभकाळात हितोपदेश, विदुरनीती, इसापनीती यांसारखे नीतिपर ग्रंथ प्राधान्याने छापले गेले. इंग्लंडमध्ये सॅम्युअल स्माइल्स यांचे स्वावलंबनाविषयीचे पुस्तक १८५९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि या प्रकारास त्याच्या शीर्षकावरून इंग्रजी नाव मिळाले. मराठीत कादंबरीकार नारायण हरि आपटे यांनी ‘आयुष्याचा पाया’ व ‘गृहसौख्य’ ही मार्गदर्शनपर पुस्तके लिहिली. तुकडोजी महाराजांच्या ४१ अध्यायांच्या ग्रामगीतेत सुधारणेचे एकक एकटी व्यक्ती नसून संपूर्ण गाव आहे. वामनराव पै (१९२३–२०१२) यांनी प्रवचने व ग्रंथ यांद्वारे मनुष्य स्वतःच्या जीवनास स्वतः जबाबदार आहे, हा विचार मांडला. मानसशास्त्राच्या बाजूने अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके, आनंद नाडकर्णी व अंजली जोशी यांच्या लेखनातून मराठी वाचकांना परिचित झाली. शिव खेरा यांचे ‘यश तुमच्या हातात’ आणि जेम्स क्लिअर यांचे ‘अ‍ॅटॉमिक हॅबिट्स’ हे अनुवादांतील विशेष परिचित ग्रंथ होत.

वाचन व सवय

कोणतीही सवय २१ दिवसांत लागते, असे विधान या साहित्यात वारंवार आढळते. त्याचा उगम अमेरिकन प्लास्टिक सर्जन मॅक्सवेल मॉल्ट्झ यांच्या १९६० मधील पुस्तकात शोधला जातो. शस्त्रक्रियेनंतर रुग्णांना आपल्या बदललेल्या चेहऱ्याची सवय होण्यास किमान सुमारे २१ दिवस लागतात, एवढेच त्यांचे निरीक्षण होते; पुढे ‘किमान’ हा शब्द गळाला. लंडन येथील फिलिपा लॅली व सहकाऱ्यांनी ९६ व्यक्तींवर केलेल्या अभ्यासात (२०१०) नवी कृती अंगवळणी पडण्यास लागणाऱ्या कालावधीचा मध्यांक ६६ दिवस आढळला; व्यक्तीनुसार तो १८ ते सुमारे २५४ दिवस असा बदलत होता. एखादा दिवस चुकल्याने प्रक्रियेवर फारसा परिणाम झाला नाही. तिसऱ्या आठवड्यात खंड पडल्यावर स्वतःला अपात्र ठरवून पुस्तक मिटणाऱ्या वाचकाच्या दृष्टीने हा निष्कर्ष महत्त्वाचा आहे.

या साहित्यावरील प्रमुख आक्षेप असा, की गरिबी, बेरोजगारी किंवा आजार यांची सामाजिक कारणे बाजूस सारून ते सर्व दोष व्यक्तीच्या इच्छाशक्तीवर टाकते. तीव्र नैराश्यासारख्या अवस्थेत पुस्तक हे तज्ज्ञाच्या उपचारांचा पर्याय ठरत नाही. दुसरा आक्षेप वाचनाच्या पद्धतीवर आहे: एकामागून एक पुस्तक वाचल्याने सुधारणा झाल्याचे समाधान मिळते, प्रत्यक्ष कृती मात्र लांबणीवर पडते. दासबोधाचे सामुदायिक पारायण, कीर्तन व फटक्याचे पाठांतर यांत तोच मजकूर वर्षानुवर्षे, चारचौघांच्या संगतीत पुन्हा कानावर पडत असे. एकट्याने झालेल्या मूक वाचनात ही सोय राहिलेली नाही.