क्षयजंतूचा देहांतर्गत आहार : एका निरीक्षणाचा इतिहास

क्षयाचे कारण एक दंडाकृती जंतू आहे, हे रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली बर्लिन येथे सिद्ध केले. संवर्धनद्रव्यात ग्लिसरीन मिसळल्यास हा जंतू चांगला वाढतो, असे नोकार व रू यांना १८८७ मध्ये आढळले. त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ त्याच्या चयापचयाविषयी जे लिहिले गेले, ते बहुतांशी काचेच्या चंबूत वाढलेल्या जंतूविषयीच होते. रोग्याच्या फुप्फुसातील परिस्थिती चंबूतल्यासारखी नसते, हे कोणी विसरले होते असे नव्हे. पण देहातील जंतू खातो काय, याचा शोध प्रयोगाने घेणे कठीण होते.

१९५६ मध्ये सेगल व ब्लॉख यांनी बाधित उंदरांच्या फुप्फुसांतून जंतू वेगळे काढून त्यांचे श्वसन मोजले. चंबूतील जंतूंचे श्वसन शर्करा किंवा ग्लिसरीन दिल्याने वाढे. फुप्फुसातील जंतू या द्रव्यांना जवळजवळ दाद देत नसत, मेदाम्लांना मात्र देत. एकाच जातीचे जंतू, परंतु त्यांचा आहार निराळा!

केवळ मेदाम्लांवर जगण्यात एक अडचण असते. त्यांच्या विघटनातून दोन कार्बनांचे तुकडे मिळतात आणि क्रेब्ज चक्राच्या प्रत्येक फेऱ्यात तितकेच कार्बन वायुरूपाने निसटतात. मग शर्करा घडवावयाची कशातून? ही हानी टाळणारे ग्लायॉक्सिलेट चक्र कॉर्नबर्ग व क्रेब्ज यांनी १९५७ मध्ये वर्णिले. आयसोसायट्रेट लायेझ हे त्यातील आरंभीचे एंझाइम होय. निरीक्षण व उपपत्ती यांत अंतर अवघ्या एका वर्षाचे. तरीही रोगाशी त्यांचा संबंध सिद्ध होण्यास २००० साल उजाडावे लागले. हा दोष संशोधकांच्या उदासीनतेचा मानणे अन्यायाचे ठरेल. क्षयजंतूचे एखादे जनुक नेमके निकामी करण्याचे तंत्रच दीर्घकाळ उपलब्ध नव्हते.

मॅकिनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये या एंझाइमाचे जनुक काढून टाकलेला जंतू उंदरांत सोडला. आरंभी तो नेहमीप्रमाणे वाढला. प्रतिकारशक्ती जागृत झाल्यावर मात्र त्याला टिकाव धरता येईना. ज्या उंदरांत इंटरफेरॉन-गॅमा नव्हते, त्यांत त्याची मारकता परत आली. म्हणजे जंतूला या मार्गाची गरज पडते ती यजमानाच्या भक्षक पेशी सज्ज झाल्यावर. त्याच कार्याचे दुसरे एंझाइमही २००५ मध्ये काढण्यात आले, तेव्हा जंतू फुप्फुसांतून झपाट्याने नष्ट झाले.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. जंतू यजमानाचे कोलेस्टेरॉलही आत ओढून घेतो, हे पांडे व सॅसेटी यांनी २००८ मध्ये दाखविले. त्याच्या विघटनातून निर्माण होणारी तीन कार्बनांची द्रव्ये साचल्यास जंतूलाच विषारी ठरतात, आणि त्यांचा निचरा करण्यातही आयसोसायट्रेट लायेझचाच हात असतो. त्यामुळे २००० व २००५ मधील प्रयोगांचे श्रेय एकट्या कार्बनबचतीला देता येत नाही.