व्ही. शांताराम यांची दृश्यशैली आणि जर्मन अभिव्यक्तिवाद : एक पुनर्विचार

प्रभात फिल्म कंपनीच्या 'अमृतमंथन' (१९३४) या बोलपटाविषयी लिहिताना 'जर्मन अभिव्यक्तिवादाचा प्रभाव' हा शब्दप्रयोग बहुतेक अभ्यासक करतात. तो चुकीचा नाही; परंतु हा प्रभाव कोणत्या मार्गाने आला, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. प्रस्तुत लेखात त्याच प्रश्नाचा विचार केला आहे.

प्रथम कालक्रम पाहू. रॉबर्ट वीने यांचा 'डॉ. कॅलिगरी' १९२० साली प्रदर्शित झाला. त्यातील वाकड्या भिंती आणि पडद्यावर रंगवलेल्या सावल्या ही हेर्मान वार्म, वाल्टर राइमान आणि वाल्टर र्‍योरिग या नेपथ्यकारांची निर्मिती होती. विसाव्या शतकाचे तिसरे दशक संपण्यापूर्वीच ही चळवळ ओसरली. 'सैरंध्री'च्या रंगप्रक्रियेसाठी शांतारामबापू जर्मनीस गेले ते १९३३ साली. तेव्हा नाझी पक्ष सत्तेवर आला होता आणि फ्रिट्झ लांग यांनी त्याच वर्षी देश सोडला. म्हणजे बापूंनी पाहिलेल्या जर्मनीत ती चळवळ जिवंत नव्हती. उरले होते ते तिने घडवलेले स्टुडिओतील तंत्र, प्रकाशयोजनेची शिस्त आणि भिंगांचे ज्ञान. 'सैरंध्री'चे रंग मनासारखे उतरले नाहीत. परंतु या प्रवासाचे खरे फळ पुढच्याच वर्षी कृष्णधवल चित्रपटात दिसले, हा योगायोग मानणे कठीण आहे.

'अमृतमंथन'मध्ये बळीची प्रथा बंद करणाऱ्या राजाविरुद्ध राजगुरू कट रचतो. मंदिरातील त्या गुप्त सभेत काळोख हीच मुख्य वस्तू आहे. मशालींचा उजेड केवळ त्याची खोली दाखवतो. राजगुरूच्या एका डोळ्याने पडदा व्यापणारे समीपदृश्य तर सर्वश्रुत आहे. मराठी आवृत्तीत ही भूमिका केशवराव दाते यांनी, तर हिंदीत चंद्रमोहन यांनी केली. मात्र येथे एक भेद ध्यानात घ्यावा लागतो. 'कॅलिगरी'त विकृती वास्तूत आहे, भिंतीच वेड्या आहेत. प्रभातचे नेपथ्य भरीव, प्रमाणबद्ध आणि शिल्पासारखे आहे. भय निर्माण होते ते प्रकाशाच्या दिशेतून आणि कॅमेऱ्याच्या सान्निध्यातून.

याचे कारण कोल्हापुरात शोधावे लागते. शांतारामबापूंची उमेदवारी बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत झाली. बाबूराव नाटकांचे पडदे रंगवत चित्रपटाकडे वळलेले कलावंत. प्रभातचे कलादिग्दर्शन सांभाळणारे फत्तेलाल हेही मूळचे चित्रकार. छायाप्रकाशाने वस्तूला घनता देण्याचे शिक्षण या मंडळींना जर्मन चित्रपट पाहण्याआधीच मिळाले होते. परकीय तंत्र स्वीकारले गेले ते या तयार जमिनीवर.

'कुंकू' (१९३७) या चित्रपटाला अभिव्यक्तिवादी म्हणणे मला पटत नाही. वृद्ध वकील काकासाहेब आणि त्यांना पती मानण्यास नकार देणारी तरुण नीरा यांची ही कथा बव्हंशी एका घरात घडते. भिंतीवरचे घड्याळ, आरसा, छत्री अशा नित्याच्या वस्तूंवर तिचा भार टाकलेला आहे. पार्श्वसंगीत वर्ज्य करून केवळ प्रसंगातील ध्वनी वापरले आहेत. याचे नाते कार्ल मायर यांच्या पटकथांतून घडलेल्या, मोजकी पात्रे आणि बंदिस्त अवकाश असलेल्या जर्मन मूकपटांशी अधिक जुळते. त्या चित्रपटांनी शीर्षकपट्ट्या जवळजवळ टाळल्या. 'कुंकू'ने पार्श्वसंगीत टाळले. दोन्हीकडे आधार काढून घेऊन वस्तूंना बोलके करण्याची युक्ती एकच आहे. 'माणूस'मधील (१९३९) पोलीस शिपाई गणपत आणि वेश्या मैना यांच्या कथेतही जर्मन 'रस्ता'पटांची आठवण होते. तथापि तेथील मध्यमवर्गीय नायक रस्त्याच्या मोहातून घरी परततो. गणपत मैनेलाच घरी नेऊ पाहतो.

अशा अभ्यासातील एक अडचण नमूद करणे आवश्यक आहे. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात नायट्रेट फिल्मच्या साठ्याला लागलेल्या आगीत प्रभातच्या चित्रपटांसह अनेक जुन्या चित्रपटांचे मूळ साहित्य नष्ट झाले. ज्या आवारात हे चित्रपट निर्माण झाले, तेथेच ते जळाले. प्रतीवरून प्रत काढताना करड्या रंगाच्या सूक्ष्म छटा पुसट होतात. काळोख कधी अधिक गडद, तर कधी फिका भासतो. म्हणून प्रस्तुत विवेचनात प्रकाशाच्या तीव्रतेविषयी विधाने टाळून प्रकाशाची दिशा, कॅमेऱ्याचे अंतर आणि चौकटीतील वस्तूंची मांडणी यांवरच भर दिला आहे.