वसतिगृहात लहानपणी अत्याचार झाला असेल, तर भरपाई मिळते का?

लोणावळा-मावळ पट्ट्यात निवासी शाळा, आश्रमशाळा आणि वसतिगृहं बरीच आहेत. पालक विश्वासाने मुलं तिथे सोडतात. तिथेच लैंगिक अत्याचार झाला तर आरोपीला शिक्षा होऊ शकते, हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्या मुलाचं शिक्षण सुटतं, उपचारांचा खर्च होतो. त्याची भरपाई कोण देतं?

अँकरेज प्रकरणात काय झालं?

मुंबईत कुलाबा भागात बेघर मुलांसाठी 'अँकरेज' नावाचं आश्रयगृह होतं. तिथल्या मुलांच्या लैंगिक शोषणाची तक्रार 2001 मध्ये पुढे आली. 2006 मध्ये सत्र न्यायालयाने डंकन ग्रँट आणि अ‍ॅलन वॉटर्स या ब्रिटिश नागरिकांना प्रत्येकी 6 वर्षांची सक्तमजुरी सुनावली. शिवाय प्रत्येकी 20 हजार पौंड पीडितांना भरपाई म्हणून द्यायला सांगितले.

2008 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं. त्याबरोबर भरपाईचा आधारही गेला. 18 मार्च 2011 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती सुटका रद्द करून दोघांना पुन्हा दोषी ठरवलं. म्हणजे मुलांना जवळपास 10 वर्षं वाट पाहावी लागली.

आता नियम काय सांगतो?

14 नोव्हेंबर 2012 पासून पॉक्सो कायदा लागू आहे. त्याच्या 2020 च्या नियमांनुसार:

- निकालाआधीच विशेष न्यायालय अंतरिम भरपाई देऊ शकतं.
- आरोपी सुटला किंवा सापडलाच नाही, तरी मुलाचं नुकसान झालं असेल तर भरपाई मिळू शकते.
- रक्कम ठरवताना उपचारांचा खर्च, बुडालेलं शिक्षण, अत्याचार एकदाच झाला की वारंवार, हे पाहिलं जातं.
- आदेश मिळाल्यापासून 30 दिवसांत राज्य सरकारने पैसे द्यायचे असतात.

याशिवाय महाराष्ट्रात 2013 पासून 'मनोधैर्य योजना' आहे. 2017 च्या सुधारणेनंतर त्यात कमाल 10 लाख रुपयांपर्यंत मदत मिळू शकते. मुलगे आणि मुली, दोघांनाही.

खूप वर्षं झाली असतील तर?

गंभीर लैंगिक गुन्ह्यांची तक्रार करायला मुदत नाही. मोठं झाल्यावरही ती करता येते. मात्र नोव्हेंबर 2012 पूर्वीच्या घटनेला पॉक्सो लागत नाही, तेव्हाची भारतीय दंड संहिता लागते. त्यामुळे जुन्या पीडितांची वाट जास्त अवघड आहे.

संस्थेवर जबाबदारी येते का?

येते, पण शिक्षेची. हाताखालच्या माणसाचा गुन्हा संस्थाप्रमुखाने कळवला नाही, तर त्याला 1 वर्षापर्यंत कैद होऊ शकते. वसतिगृह किंवा बालगृह चालवणाऱ्यानेच अत्याचार केला, तर तो जास्त गंभीर गुन्हा मानला जातो.

पैशांचा भार मात्र सहसा सरकारी तिजोरीवर पडतो. इतर काही देशांत तसं नाही. आयर्लंडने 2002 मध्ये निवासी संस्थांतल्या पीडितांसाठी वेगळं भरपाई मंडळ नेमलं. ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2018 पासून सुरू केलेल्या योजनेत कमाल दीड लाख ऑस्ट्रेलियन डॉलर, समुपदेशन आणि संस्थेकडून थेट माफी मिळते. तिथे संबंधित संस्थेलाही पैसे भरावे लागतात, आणि कुणाला शिक्षा होण्याची वाट पाहावी लागत नाही. भारतात अशी वेगळी योजना नाही. इथे प्रत्येकाला आपापली लढाई लढावी लागते.

मावळातून अर्ज कुठे करायचा?

आधी पोलिसांत तक्रार करा. मूल आत्ता संकटात असेल तर 1098 वर फोन करा. भरपाईसाठी पुण्यात शिवाजीनगरच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. मोफत वकिलासाठी वडगाव मावळच्या न्यायालयातल्या तालुका विधी सेवा समितीकडे जा, किंवा 15100 वर फोन करा.

आणि आरोपी सुटला म्हणून अर्ज फाडून टाकू नका. भरपाईचा हक्क त्याच्या शिक्षेवर अवलंबून नाही.